माळ्यावरच्या बाटल्या आणि आईचा नकार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सोलापूरचा, वय ४७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, निम्मा माल परदेशी जातो. नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत फ्रँकफर्टच्या कापड प्रदर्शनाला गेलो असताना एका गिऱ्हाइकाने जेवणानंतर व्हिस्की दिली आणि ती कशी हुंगायची, कशी चवीने घ्यायची ते शिकवलं. तेव्हापासून बाटल्या जमवतोय. आज ४१ आहेत, त्यातल्या १७ उघडलेल्या. बऱ्याच विमानतळावरून घेतल्या, काही पुण्याच्या दुकानातून, सहा-सात मित्रांनी गोव्याहून आणून दिल्या. मी फक्त शनिवारी पितो, फार तर दोन लहान पेग. गेल्या वर्षी क्युबन सिगारची २५ची पेटी आणली. महिन्यातून एखादी गच्चीत ओढतो. बायको म्हणते, घराचं दुकान केलंय. मी तिला सांगतो, ही गुंतवणूक आहे, पुढे किंमत वाढेल. तिला पटत नाही. आईने तर पेटी उघडून वास घेतला आणि ‘हे घरात नको’ एवढंच म्हणून आत गेली. आईने साखर पेठेतल्या जुन्या घरी तीस वर्षं विड्या वळल्या. आता वय ७२, देवदेव फार करते. तिला या गोष्टी कळणार नाहीत. मुलगा सतरा वर्षांचा आहे, तो बाटल्यांचे फोटो मित्रांना पाठवतो. सध्या सगळं माळ्यावर ठेवलंय. एक खोली भाड्याने घेऊन तिथे संग्रह मांडावा आणि आवड असणाऱ्या मित्रांना बोलवावं, असा विचार आहे. की सगळं विकून मोकळं व्हावं? सोलापुरात असा छंद करूच नये का?

प्रिय वाचक,

तुमच्या चार पानी पत्रात ‘गुंतवणूक’ हा शब्द पाच वेळा आला आहे आणि ‘आवडतं’ हा एकदाच, तोही शेवटच्या ओळीत. मला वाटतं, घरातल्या भांडणाची सुरुवात इथेच आहे. तुम्हाला व्हिस्की आवडते. बार्ली, पाणी, यीस्ट आणि ओकचं पिंप एवढ्यातून इतके वेगवेगळे वास कसे निघतात, याचं तुम्हाला नवल वाटतं. पत्रातला तो परिच्छेद वाचताना मलाही ते नवल वाटलं. पण बायकोसमोर उभं राहिलं की हेच सांगायची तुम्हाला लाज वाटते, मग तुम्ही पैशाची भाषा बोलता. आणि पैशाची भाषा त्यांना तुमच्याइतकीच कळते, म्हणून त्यांना ते खोटं वाटतं.

ते खोटंच आहे, हेही सांगायला हवं. आपल्याकडे बिनपरवाना मद्य विकता येत नाही. ओळखीतल्या माणसालाही नाही, मोबाइलवरच्या एखाद्या ग्रुपवरही नाही. म्हणजे तुमच्या ४१ बाटल्यांची किंमत कागदावर कितीही वाढली तरी ती कायद्याने तुमच्या हातात पडायची वाट नाही. लंडनच्या लिलावात नोव्हेंबर २०२३ मध्ये १९२६ सालची मॅकॅलन या स्कॉच व्हिस्कीची एक बाटली सुमारे २२ लाख पौंडांना गेली. असल्या बातम्या वाचून पुष्कळांच्या मनात ही गुंतवणूक शिरते. त्याच बाजारातली दुसरी बातमी कुणी सांगत नाही. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एका प्रयोगशाळेत ५५ दुर्मिळ बाटल्यांची किरणोत्सारी कार्बनने तपासणी केली, त्यातल्या २१ बनावट तरी निघाल्या किंवा लेबलावर लिहिलेल्या सालच्या नव्हत्या. जिथे जाणकारही फसतात, तिथे मुलाच्या शिक्षणाचे पैसे ठेवू नयेत. ‘सगळं विकून मोकळं व्हावं’ हा तुमचा दुसरा पर्यायही त्याच कायद्यामुळे बाद होतो.

तेव्हा बायकोशी बोलताना गुंतवणूक हा शब्द सोडून द्या. ‘मला हे आवडतं, आणि यात गेलेले पैसे गेले’ असं एकदा सरळ म्हणा. त्यानंतरचं बोलणं सोपं होईल, कारण मग प्रश्न एवढाच उरतो की वर्षाला किती घालवायचे. तो आकडा दोघांनी मिळून ठरवा. एखाद्याला कॅमेऱ्याचा नाद असतो, कुणी गाण्याच्या बैठकांसाठी गावोगाव जातं. त्या नादांचा खर्च घराला माहीत असतो, म्हणून चालतो. तुमचा माहीत नाही. त्या ‘दुकान’ म्हणाल्या, त्यात मला पैशापेक्षा दुसरीच काळजी ऐकू येते. आल्यागेल्याला काय सांगायचं, वयात आलेला मुलगा घरात आहे, नवऱ्याचे शनिवारचे दोन उद्या चार होतील का. यातलं नेमकं काय, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही विचारलंत का त्यांना? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

आता आईकडे येते, कारण माझ्या मते पत्राचा गाभा तिथे आहे.

तुम्ही लिहिता, आई देवदेव करते, तिला या गोष्टी कळणार नाहीत. मला उलट वाटतं. तुमच्या ओळखीतल्या कुणालाही तंबाखू कळत नसेल इतकी तिला कळते. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची म्हणजे मऊ राहतात, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन चिमटीने जर्दा भरायचा, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. दिवसाला शेकड्यांनी. मग ब्रँचवर, म्हणजे विडी कंपनीच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायच्या आणि छाट, म्हणजे नापास झालेल्या विड्या, किती निघाली त्यावर त्या दिवसाची मजुरी ठरायची. सोलापुरात हजारो बायकांनी या मजुरीवर घरं चालवली, मुलं शिकवली. तुमचा कारखाना उभा राहिला त्याच्या पायात त्यातल्या किती विड्या आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

क्युबन सिगारबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे. आतलं भरण, त्याभोवती बांधणीचं पान, त्यावर देखणं वरचं पान, आणि हे सगळं हाताने वळणारा कसबी माणूस. खरं आहे, ते मोठं कसब आहे. क्युबातल्या हवानात १८६५ पासून कारखान्यांमध्ये एक वाचक नेमण्याची पद्धत सुरू झाली. कामगार सिगार वळत बसायचे आणि तो उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. हे वाचून मन भरून येतं. आणि मग मनात येतं की त्याच कामाचं, पान ओलं ठेवून हाताने वळायचं, एक आयुष्यभराचं माणूस तुमच्या घरात मधल्या खोलीत बसलेलं आहे, आणि दीड पानात त्याचा उल्लेख नाही.

आईने पेटी उघडली आणि वास घेतला, असं तुम्ही लिहिलंत. ज्याला काही कळत नाही तो असा वास घेत नाही. त्या वासात तिला काय आठवलं असेल, याचा विचार करून बघा. तीस वर्षं नाकातोंडात गेलेली धूळ, वाकलेली पाठ, रात्री तुम्ही झोपल्यावर चिमणीखाली पुऱ्या केलेल्या विड्या. आणि किंमत. तुमच्या एका सिगारच्या पैशात तिच्या किती हजार विड्यांची मजुरी बसते, हा हिशोब विडी कामगार बाईला कागद-पेन न घेता येतो. तिने तो तुम्हाला बोलून दाखवला नाही. ‘हे घरात नको’ एवढंच म्हणाली. माझ्या मते तिचा देवधर्म यात फार थोडा आहे.

सिगारच्या बाबतीत माझा कौल आईच्या बाजूने आहे. यात मी मधली वाट शोधणार नाही. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, असा समज फार पसरलेला आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर धूर न गिळताही होतो, कारण धूर तोंडात घोळवलाच जातो. काही मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असते. त्यात तुमची सवय सिगारसोबत व्हिस्कीची आहे, आणि ही जोडी नेमकी वाईट. दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका दोघींच्या बेरजेपेक्षाही वर जातो. मावा आणि गुटख्याने आपल्या जिल्ह्यात काय केलं आहे, ते तुम्ही कारखान्यातल्या कामगारांच्या तोंडात बघत असाल. महिन्याला एक सिगार म्हणजे रोजचा मावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण ती बंद केल्याने तुमचं जाणार काय?

शिवाय सोलापूरची हवा सिगारला मानवत नाही. सिगार १८ ते २१ अंशांत आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. त्यासाठी जी खास पेटी मिळते, तिला आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड असतं. नाव सीडर, म्हणजे देवदार, असलं तरी ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क होते. तेव्हा पेटीतलं पान तडकतं. पावसाळ्यात ओल धरते. तापमान २४-२५ अंशांच्या पुढे गेलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटतात आणि वरच्या पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. पेटीतल्या आर्द्रतामापकावर विश्वास ठेवण्याआधी एक साधी परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर चिखलासारखं होईल इतकंच पाणी टाकायचं, मापकासोबत बंद डब्यात आठ-दहा तास ठेवायचं. काटा ७५वर यायला हवा. हे मी तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी लिहिते आहे, ज्यांच्याकडे कुणी भेट दिलेली पेटी पडून आहे.

तुम्हाला मात्र दुसरं सुचवते. सिगारच्या कमरेला जो रंगीत कागदी पट्टा असतो, तो जमवण्याचा छंद जगभर आहे, त्याला विटोल्फिलिया असं नावही आहे. सोनेरी ठशाचे जुने पट्टे, लाकडी पेट्यांवरची चित्रं, हे सगळं न ओढता जमवता येतं. आणि हे परदेशापुरतंच आहे असंही नाही. आपल्या तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नावाजलेले होते. सोलापुरातल्या विड्यांच्या कट्ट्यांवरची, म्हणजे बंडलांवरची, जुनी लेबलं तर तुमच्या अंगणातली. त्यांवर वाघ असतो, घड्याळ असतं, कुणाचा तरी फोटो असतो. आईला त्यातली कितीतरी तोंडपाठ असतील, कुठल्या ब्रँचला कुठली विडी जायची तेही. हा संग्रह सोलापुरात बसूनच करता येईल आणि त्यात तुमच्यापेक्षा जाणकार माणूस घरातच आहे.

व्हिस्कीबद्दल मी इतकी कठोर नाही. पण ती निरुपद्रवी आहे असंही म्हणणार नाही. दारूचं ठरावीक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. तुम्ही सज्ञान आहात, हे जाणून थोडी घेता, तो निर्णय तुमचा. मी फक्त एक विचारते: तुम्ही श्रावण पाळता का? धार्मिक कारणाने पाळा किंवा नका पाळू, महिनाभर एकही थेंब न घेता नुसत्या बाटल्या बघून, पुढची कुठली घ्यायची याचा विचार करून मजा येते का, ते बघा. येत असेल तर तो संग्राहक. दुसऱ्या शनिवारी चिडचिड होत असेल, ‘एकाने काय होतं’ असं मन म्हणत असेल, तर छंदाच्या नावाखाली दुसरंच काही वाढतं आहे. तसं वाटलं तर लाजू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मदतक्रमांक आहे, आणि तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. हे क्रमांक प्रत्येक वाचकासाठी आहेत.

आता संग्रहाबद्दल. ४१ बाटल्यांमधल्या किती तुम्हाला नाव न वाचता, नुसत्या गोष्टीवरून ओळखता येतील? ही कुणी दिली, ही कुठल्या ऑर्डरच्या आनंदात घेतली, ही उघडली तेव्हा समोर कोण होतं. ज्यांची गोष्ट आठवते तो तुमचा संग्रह. बाकीचा साठा. माझा अंदाज आहे की साठाच जास्त निघेल. साठा वाढण्यामागे ‘ही परत मिळणार नाही’ ही भीती असते. आणि जुनी होऊ दे, मुरू दे, हाही एक समज असतो. व्हिस्की बाटलीत मुरत नाही. जे मुरणं आहे ते लाकडी पिंपात. स्कॉचला कायद्याने निदान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावं लागतं. लेबलावर १२ लिहिलं असेल तर त्यातली सर्वांत कोवळी व्हिस्की १२ वर्षं पिंपात होती, एवढाच अर्थ. तुमच्या माळ्यावर ती आणखी दहा वर्षं राहिली तरी १२चीच राहणार. मग थांबायचं कशासाठी? नवीन घेणं दोन वर्षं बंद करा आणि उघडलेल्या सतरा नीट ओळखून घ्या. अर्ध्याच्या खाली गेलेली बाटली हवेने हळूहळू फिकी पडते. उरलेली व्हिस्की लहान, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर बरीच टिकते.

ज्यांना हा छंद नुकताच लागला आहे त्यांना माझं सांगणं, सहा बाटल्या पुष्कळ होतात. सहाही वेगळ्या स्वभावाच्या घ्या. एक संपल्याशिवाय सातवी आणू नका.

आणि वही ठेवा. हा सगळ्या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग, आणि फुकटचा. तुम्ही लिहिलं आहे की पुस्तकात ‘हेदर’, ‘ब्रॅम्बल’ असे वास दिलेले असतात आणि तुम्हाला ते सापडत नाहीत, म्हणून आपलं नाक अडाणी आहे असं वाटतं. अहो, ज्या माळावर तुम्ही कधी उभे राहिला नाहीत तिथल्या फुलाचा वास तुम्हाला यावा कसा? तुमच्या नाकाजवळ तुमचे वास आहेत, ते लिहा. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीत बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थराच्या विस्तवावर वाळवलेली असते. तो धूर हुंगताना मंगळवेढ्याकडच्या रानात जानेवारीत हुरड्याची आगटी पेटते, गोवऱ्यांचा धूर आणि खाली ओली काळी माती, त्याच्या किती जवळ जातं ते बघा. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली असेल तर खारीक, मनुका, चिंचेचा गोळा. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपातल्या व्हिस्कीत खोबरं येतं, कधी शेंगा भाजतानाचा वास. नळावर ओल्या झालेल्या नव्या टॉवेलचा, रंगाच्या हौदाचाही एखादीत सापडेल, तोही लिहा. एका ग्लासात ३० मिलीहून जास्त घेऊ नका, तोंड निमुळतं असलेला ग्लास घ्या, आधी जेवून घ्या, दोन थेंब पाणी टाकून पुन्हा हुंगा. बहुतेक मजा नाकाची आहे. पोटात फार थोडं गेलं तरी चालतं.

‘सोलापुरात असा छंद करूच नये का’ या प्रश्नामागे एक न्यूनगंड आहे, तो मला बोचला. उष्ण गावात व्हिस्कीचं काय काम, असं बंगळुरूलाही म्हणाले असतील. तिथल्या अमृत या कंपनीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, आधी विकायला नेली ती थेट ग्लासगोला. थंड स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की वर्षाला उडून जाते, बंगळुरूत १० टक्क्यांहून जास्त. म्हणून आपल्याकडे ती लवकर पिकते, आणि लवकर काढावीही लागते. मग गोव्याची पॉल जॉन आली, रामपूर आली, हरियाणाची इंद्री आली. तुमच्या ४१ मध्ये भारतीय बाटल्या फक्त तीन आहेत. उद्यान एक्स्प्रेस बंगळुरूला जाताना ज्या गावात थांबते तिथल्या संग्राहकाच्या कपाटात हे गणित मला थोडं उलटं वाटतं.

भाड्याच्या खोलीचा विचार मात्र सोडा. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला, प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. परवान्यावर एका वेळी किती बाळगायचं याची मर्यादाही असते. तुमच्याकडे परवाना आहे की नाही, हे पत्रात नाही. नसेल तर आधी तो काढा, आणि असलेल्या बाटल्या त्या मर्यादेत बसतात का ते राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात किंवा वकिलाकडे जाऊन विचारा. गोव्याहून आलेल्या सहा-सात बाटल्यांबद्दलही विचारा, कारण दुसऱ्या राज्यातली दारू इथला कर न भरता आणणं हा गुन्हा आहे. सोलापुरातून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे इथल्या पुष्कळांना यात काही चूक वाटत नाही. परदेशातून विमानाने येताना माणशी २ लिटर मद्य आणि २५ सिगार करमुक्त आणता येतात, त्याच्या पावत्या जपून ठेवा. अशा स्थितीत दुसऱ्याच्या जागेत बाटल्या मांडून मित्र बोलावणं, आणि उद्या कुणी ‘वर्गणी काढू’ म्हणणं, म्हणजे बिनपरवान्याचा बारच होतो. आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, जो छंद घरापासून लांब खोलीत नेऊन ठेवावा लागतो, त्याबद्दलची घरातली शंका वाढतेच. तीन मित्रांना घरी बोलवा, जेवायला. एक बाटली काढा. गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही.

मुलाचं. तो फोटो पाठवतो त्यात त्याला व्हिस्कीचं काही नाही, ‘माझ्या बापाकडे बघा काय आहे’ एवढंच आहे. ही फुशारकी त्याने कुठून उचलली, हे तुम्ही शांतपणे स्वतःशी तपासा. कपाटाला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे. फोटो बंद, हे स्पष्ट सांगा. पण विषय दाबून टाकू नका. पिंप, बार्ली, पाणी यांचं रसायन बारावीच्या मुलाला समजतं. ते सांगा, आणि आजीने तीस वर्षांत काय श्वासात घेतलं तेही त्याच बैठकीत सांगा. त्याच्यासमोर पेला भरणं टाळा.

बाटल्या कशा ठेवायच्या, हे तुम्ही पहिल्याच ओळीत विचारलं होतं. माझ्या काकांनी लेकीच्या लग्नात उघडायची म्हणून एक स्कॉच लोखंडी कपाटात आडवी ठेवली होती, वाइनसारखी. चौदा वर्षांनी उघडली तेव्हा बुचाचा भुगा होऊन आत पडला होता आणि तिसरा हिस्सा उडून गेला होता. व्हिस्कीतला कडक अल्कोहोल बुचाला खातो, म्हणून बाटली कायम उभी ठेवायची. बूच फार कोरडं पडू नये म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा क्षणभर तिरकी करून ओलं करायचं, की परत उभी. ऊन नको, ट्यूबलाइटही सतत नको. आणि माळा तर अजिबात नको. स्लॅबच्या खाली मे महिन्यात भट्टी असते. दिवसा तापून रात्री निवलं की आतली हवा फुगते, आकसते आणि बूच सैल होतं. खालच्या मजल्यावरची, आतली, उत्तरेकडच्या भिंतीची जागा बघा. तुमच्या घरात ती बहुधा आईच्या खोलीला लागून असेल. म्हणजे तिला विचारल्याशिवाय होणार नाही.

तेव्हा विचाराच. एखाद्या दुपारी तिची पूजा, जेवण झाल्यावर सिगारची पेटी घेऊन तिच्याजवळ बसा. पेटवायला नाही, घराबाहेर द्यायची आहे म्हणून. एक तिच्या हातात द्या आणि विचारा, पान कसं आहे, वळलंय कसं, तू असतीस तर छाटीत काढली असतीस का. ती बोलायला लागली तर मध्ये बोलू नका. नाही बोलली तर पेटी तशीच मिटा, आणि जागेचं दुसऱ्या दिवशी काढा. फक्त मार्च उजाडायच्या आत माळ्यावरच्या बाटल्या खाली आणा.